पायऱ्या किती?

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी नोकरी करते. एप्रिल हा इथे कवितेचा महिना. त्यानिमित्त दर्शनी टेबलावर 'आयलंड' हा संग्रह मी दरवर्षी ठेवतेच. १९१० ते १९४० या काळात, चिनी लोकांना मज्जाव करणाऱ्या कायद्यापायी एंजल आयलंडवर, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या बेटावर, स्थलांतरितांच्या तपासणी ठाण्यात अडकून पडलेल्या माणसांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कोरलेल्या या कविता. बहुतेकांखाली नाव नाही. अधिकाऱ्यांनी वर लांबी भरली, रंग फासला, तरी अक्षरं राहिली. १९७०मध्ये इमारत पाडायचं घाटत असताना एका रेंजरच्या ती नजरेस पडली आणि १९८०मध्ये १३५ कविता पुस्तकात आल्या. बायकांनीही लिहिल्या होत्या असं तिथे राहून गेलेल्यांनी सांगून ठेवलंय. पण त्यांची इमारत १९४०च्या आगीत गेली. त्या कवितांची मला फार चुटपुट लागते.

त्या दुपारी एक वयस्कर चिनी गृहस्थ टेबलापाशी थांबले. इंग्रजी भाषांतर सोडून त्यांनी मूळ चिनी ओळीवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात वाचू लागले, गावाकडच्या तोइसानी बोलीत. चार ओळी, ओळीत सात अक्षरं, शेवटी यमक. इतकी वर्षं मी हे इंग्रजीतूनच वाचत आले होते. यमक कानावर पडलं ते त्या दिवशी. हातातलं काम टाकून मी म्हटलं, "पुन्हा वाचाल?" त्यांनी तीनदा वाचली.

त्यांचे वडील त्या बेटावर होते. १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत शहराचं जन्मनोंदींचं दप्तर जळालं, तेव्हा आपला जन्म इथलाच असं सांगून कित्येक चिनी लोक नागरिक ठरले, आणि कितीतरी जण कागदोपत्री त्यांचे मुलगे होऊन आले. त्यातलेच त्यांचे वडीलही. म्हणून ती उलटतपासणी: घराला पायऱ्या किती, तांदळाची कोठी कुठे, विहीर कुठल्या बाजूला. बापलेकांना वेगवेगळं विचारायचं. उत्तरं जुळली नाहीत, तर परतीची बोट.

"शेवटच्या आजारात वडील पायऱ्या मोजायचे," ते म्हणाले. "ते घर त्यांचं नव्हतंच."

थडग्यावर दोन नावं आहेत म्हणे. वर इंग्रजीत कागदावरचं, खाली चिनीत खरं.

पुस्तक त्यांच्या कार्डावर चढवून दिलं. रात्री सांगलीला फोन लावला.

"आई, आपल्या जुन्या घराला पायऱ्या किती होत्या गं?"

"पाच. का गं?"

मागून दादाचा आवाज आला, "सहा!"

तो उंबराही धरत होता.