पुरानंतर जन्मलेली

आधार कार्डावर १ जानेवारी दिसली की मी कार्ड परत देते आणि गप्पांना बसते. जन्मतारीख ठाऊक नसलेल्यांच्या कार्डावर बहुधा हीच पडते. वार्धक्य आणि आरोग्यातली विषमता हा माझा विषय. वयच चुकलं तर पुढचं सगळं मुसळ केरात. आमच्या नव्या सहायकांना हे पटत नाही. कार्डाचा फोटो काढला की त्यांचं मानवशास्त्र संपतं.

मग वय काढायला घटना लावायच्या. पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ. पण "पूर आठवतो का?" असं विचारायचं नाही, माणसं ऐकीव गोष्टीही आठवल्यासारख्या सांगतात. तेव्हा तुम्ही कुणाच्या कडेवर होता, की तुमच्या कडेवर कुणी होतं? अंगात परकर की लुगडं? एवढं एक काम मला जमतं, असा माझा समज आहे.

पुण्यातल्या जनता वसाहत या झोपडपट्टीतल्या आजी म्हणाल्या, "धाकट्याला काखंत मारलं न् पर्वतीवर पळाले. पायरीवर दोनदा टेकवला त्याला." भाऊ अजून चालत नव्हता. एवढं पोर घेऊन चढणारी मुलगी सात-आठ वर्षांची तरी हवी. म्हणजे आज सत्तरीपार.

कार्डावर जन्म १ जानेवारी १९६२. ज्या पुरातून पळाल्या, त्याच्यानंतरचा!

मुठीची ताकद मोजायचं यंत्र हातात दिलं. धुणीभांडी करून झिजलेली बोटं. काटा १२ किलोवर अडला. बायकांमध्ये १८ च्या खाली म्हणजे कमजोर. त्याच सकाळी शेजारच्या सुखवस्तू सहकारनगरात साधारण याच वयाच्या बाईंनी २१ दाबलं होतं आणि तब्येतीच्या तक्रारी पाऊण तास ऐकवल्या होत्या. आजींना विचारलं, तब्येत कशी? "झ्याक." प्रश्नावलीत दोन्ही उत्तरं तशीच जातात. नुसती ही उत्तरं बघणारा म्हणेल, वस्ती ठणठणीत आहे.

मी मोठ्याने ७२ म्हणत लिहिलं.

"बहात्तर? मग तो कागद मला द्या ना ताई. श्रावणबाळला पासष्ट लागत्यात. तिथला साहेब म्हणतो, तुमची अजून भरली न्हाईत."

माहिती गुप्त राहील, असं तासाभरापूर्वी मीच वाचून दाखवलं होतं. आणि कागद दिला असता, तरी तिथे दाखला हवा. माझा अंदाज कोण विचारतो? आजी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. मी हे सगळं समजावलं. त्यांनी चहा ठेवला.

संध्याकाळी माहिती भरणाऱ्या मुलाचा फोन. "मॅडम, वयं दोन लिहिलीत. रकान्यात एकच बसतं."

७२ ठेव म्हटलं. संमतीपत्रावर मात्र कार्डावरचीच तारीख आहे, आणि तिच्याखाली आजींचा अंगठा.