शंभर हर्ट्झचा तारा

डिसेंबरची थंडी, त्यात खोडदची. कंट्रोल रूममधला एसी बाराही महिने चालू, त्यामुळे स्वेटरवर शाल गुंडाळून बसले होते. जीएमआरटीवर, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या इथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर, मला मिळालेल्या वेळेतली ती पहिली रात्र. आमचा तारा मध्यरात्रीच्या सुमारास डोक्यावर येणार होता. आकाशात शोधायचा तर हात लांब करून रोहिणीपासून उत्तरेला दीड-दोन बोटं मोजायची, पण साध्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. रोहिणी 65 प्रकाशवर्षांवर, आणि हा तिच्या कितीतरी मागे, सुमारे 450 प्रकाशवर्षांवरच्या वायू आणि धुळीच्या ढगात. वय दहा-वीस लाख वर्षं. सूर्याची साडेचार अब्ज वर्षं धरली तर हे अजून बाळंतिणीच्या खोलीतलंच पोर.

याच भागातल्या एचएल टॉरी या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीचं चित्र 2014 साली चिलीतल्या अल्मा दुर्बिणीनं काढलं. कडी, कड्यांमधल्या काळ्या फटी, आणि त्या फटींत बहुधा ग्रह जमताहेत. ते पाहूनच मी या विषयात पडले. पण अल्मा मिलिमीटरभर लांबीच्या लहरी पकडते. आमच्या अर्ध्या मीटरच्या. त्यांत तबकडी दिसत नाही. दिसला तर झोत दिसतो. नवा तारा तबकडीतलं सगळंच गिळत नाही, काही माल दोन्ही ध्रुवांकडून पिचकारीसारखा बाहेर फेकतो. हा झोत भोवतालच्या वायूवर आदळतो तिथे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगानं पळायला लागतात का, हा माझा प्रश्न. डब्लिनच्या गटानं जीएमआरटीवरच डीजी टॉरी नावाच्या ताऱ्याच्या झोतात तशी खूण सापडल्याचं 2014 मध्ये मांडलं होतं. मला तीच दुसरीकडे शोधायची होती.

अर्धा तास तारा, पाच मिनिटं कॅलिब्रेटर (मापं जुळवायला वापरायचा ओळखीचा स्रोत), पुन्हा तारा. काम कंटाळवाणं. दोन वाजून गेले आणि स्क्रीनवरची सपाट रेघ एकदम उभी राहिली.

मी उडालेच. तरुण तारे भडकतात. चुंबकीय क्षेत्राच्या रेषा तुटून पुन्हा जुळताना प्रचंड ऊर्जा सुटते. आपल्या पहिल्याच रात्री? मनात पेपरचं शीर्षकसुद्धा तयार झालं. सरांना फोन लावावासा वाटला, पण मोबाइल बंद करून ठेवलेला. बरं झालं.

ड्यूटीवरच्या ऑपरेटर काकांनी चहाचा कप खाली न ठेवताच म्हटलं, "मॅडम, आधी लांबच्या जोड्या बघा."

इथे 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत, आणि त्यांचे सिग्नल दोन-दोन डिशच्या जोड्या लावून ताडून बघतात. 14 डिश साधारण किलोमीटरभराच्या चौकात, बाकीच्या 16 तीन भुजांवर, पार 25 किलोमीटरपर्यंत. तारा खरा असेल तर जवळच्या जोड्यांना दिसतो तसाच लांबच्यांनाही दिसतो. मी पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या टोकांची जोडी उघडली. शांत. चौकातल्या जोड्यांत मात्र दिवाळी.

काकांनी मग बारीक वेळेचा डेटा काढला. भडका सलग नव्हताच, दर 10 मिलिसेकंदांनी एक टोक. म्हणजे सेकंदाला शंभर. आपली वीज 50 हर्ट्झची, सेकंदाला पन्नास फेरे. प्रत्येक फेऱ्यात एकदा वरच्या आणि एकदा खालच्या शिखराला ठिणगी उडते, झाले शंभर. माझा तारा विजेच्या खांबावर होता.

सकाळी गोंगाट शोधणाऱ्या टीमच्या जीपमध्ये मीही चढले. एकाच्या हातात यागी अँटेना, छपरावरच्या जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखा. तो फिरवत फिरवत टोमॅटोच्या एका वावराशी थांबलो. वर पाहिलं तर खांबावरचा जंप, म्हणजे दोन तारा जोडणारा वायरचा तुकडा, सैल. कान दिल्यावर चर्र चर्र ऐकू येत होतं.

वावराचे मालक मफलर सोडत आले. "रातीची लाइट हाय या आठवड्यात. दोनला आली. दारं धरायला आम्ही दोघं-दोघं जातो, बिबट्याच्या भ्यानं." आम्ही कशासाठी आलोय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आमची ठिणगी दिसली तुमच्या मशीनला. मग बिबट्या नाय का दिसत?"

मी नाही म्हणाले. पटलं नाही त्यांना, आणि मलाही ते उत्तर फार पुरेसं वाटलं नाही.

वायरमननं दुपारपर्यंत जंप आवळला. दोननंतरचा चौकातला डेटा टाकून द्यावा लागला. तीन आठवडे साफसफाई केल्यावर चित्रात, नेमक्या जागी, एक फिकट ठिपका उरला. खरा असावा, पण त्यावर पैज लावावी इतका ठळक नाही. वेळेसाठी पुन्हा अर्ज केलाय. वेळ मिळाली तर आधी एक फोन करायचाय: त्या आठवड्यात लाइट दिवसाची आहे की रात्रीची.