मोजे घातलेला गवा

आमच्या बारकीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सात वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसाला सजावट काय करायची म्हणून विचारलं, तर तिनं क्षणाचाही विचार केला नाही. "दारात गवा पाहिजे. मोठा. मोजे घातलेला."

मोज्यांची गोष्ट मे महिन्यातली. आम्ही कोल्हापूरहून दाजीपूरच्या जंगलात गेलो होतो. उजाडता उजाडता गाडी थांबली आणि समोर झाडीच्या कडेला एक भला थोरला गवा उभा. अंग काळंकुळं आणि गुडघ्यापासून खाली पाय पांढरेशुभ्र. बारकी माझ्या कानाला लागून म्हणाली, "आई, त्यानं शाळेचे मोजे घातल्यात." राधानगरीचं हे जंगल १९५८ पासून अभयारण्य आहे. अजूनही पुष्कळजण गव्याला बायसन म्हणतात. बायसन हे अमेरिका-युरोपातलं वेगळं जनावर. आपला तो गवाच, आणि पोरांना ते नाव शिकवावं असं मला मनापासून वाटतं.

नवीन काही विकत आणायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. माळ्यावर वॉशिंग मशीनचा खोका होता. महाद्वार रोडवरच्या कापड दुकानातून तागे संपलेले पुठ्ठ्याचे चार नळे मागून आणले, ते पाय. अंड्यांचे ट्रे, दोन मोडक्या छत्र्या, गळक्या बादलीची कडी आणि सहा महिन्यांची रद्दी एवढा सगळा ऐवज.

खळ आबांनी शिजवली. माझे सासरे, चाळीस वर्षं बाइंडिंगचं काम केलेले. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईतोवर ढवळायचं. "आम्ही मोरचूद घालायचो, कीड लागत नाही," आबा म्हणाले, "पण ते विषारी. पोरं हात घालणार यात. तुरटी घाल चिमूटभर." कागद कात्रीनं कापायचा नाही, हेही त्यांचंच. हातानं फाडला की कडा विरळ होते आणि थरात मिसळून जाते. वर्तमानपत्र उभं सरळ फाटतं, आडवं वेडंवाकडं. बारकीला हे इतकं आवडलं की तासभर ती नुसत्या पट्ट्याच फाडत बसली.

पण पाऊस काही थांबेना. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होती, शाळांना सुट्टी. आणि मी घाईघाईत एका दिवसात डोक्यावर सहा थर चढवले. वरून वाळल्यासारखं दिसलं, आत ओलंच. तिसऱ्या दिवशी कपाळ खचलं आणि आंबूस वास सुटला. ते डोकं टाकून द्यावं लागलं. मग दिवसाला दोनच थर, आणि रात्रभर पंख्याखाली.

खरी अडचण पाठीची. मी खांद्यावर कागदाचा गोळा बसवला, थर दिले, लांब उभी राहून बघितलं. बारकी म्हणाली, "हा बेंदराचा बैल झालाय." खरंच होतं. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, गंगावेशीतून आणलेली मातीची बैलजोडी अजून देव्हाऱ्याशेजारी होती. तेच गोल वशिंड मी नकळत गव्याला लावलं होतं. मग मेमधले फोटो काढून बघत बसलो. गव्याच्या पाठीवर गोळा नसतो, कणा असतो. मणक्यांची हाडंच वर लांब वाढलेली असतात, म्हणून खांद्यापासून एक उंच धार निघते आणि पाठीच्या मध्यावर एकदम संपते, पायरी उतरल्यासारखी.

आबांनी छत्रीच्या काड्या सोडवल्या. टोकं वाकवून चिंध्या गुंडाळल्या आणि खोक्याच्या मधोमध एका रांगेत उभ्या खोवल्या. पुढच्या जरा उंच, मागे थोड्या थोड्या उतरत्या, आणि मध्यावर रांग थांबवली. त्यावर कागद ताणला आणि गवा दिसला. रंग नव्हता, डोळे नव्हते, अंगावर पाणीपातळीच्या बातम्या होत्या, तरी गवाच. बारकीनं त्या धारेवरून बोट फिरवलं, जिथं ती संपते तिथं थांबली आणि म्हणाली, "हां. हितंच."

बाकीचं भराभर झालं. बादलीची कडी डोक्यातून आरपार घातली, दोन्ही शिंगं एकाच वळणात आली. बुडाशी पिवळट, टोकं काळी. कान अंड्याच्या ट्रेचे. अंगावर छत्र्यांचं काळं कापड, कपाळावर राखाडी रंग. आणि चारी पायांवर तिचेच गेल्या वर्षीचे, आता आखूड झालेले शाळेचे मोजे.

वाढदिवसाला गल्लीतली चौदा पोरं आली. डोळे बांधून काथ्याची शेपटी लावायचा खेळ झाला. कुणी कानाला लावली, कुणी आबांच्या सदऱ्याला. पण भेळ हातात घेऊनसुद्धा पोरं गव्याभोवतीच. प्रत्येकाला बारकी पाठीवरची ती जागा दाखवत होती.

हात लावून लावून दुसऱ्या दिवशी डावा कान निखळला. आबांनी उरलेली खळ जरा गरम करून तो परत बसवला. गवा आता जिन्याखाली उभा असतो. सोमवारी शाळा उघडली. दप्तर पाठीला लावून बारकी निघाली, जिन्यापाशी खाली बसली, गव्याचा घसरलेला मोजा वर ओढला आणि मग चपला घातल्या.