नक्षी शाबूत, टायर मेलेला

टायर दाखवायला आलेला माणूस बहुधा नक्षीवर अंगठा ठेवतो आणि म्हणतो, "बघा, अजून किती बाकी आहे." रोज पळणाऱ्या गाडीला ही परीक्षा बऱ्यापैकी चालते, कारण तिचा टायर म्हातारा व्हायच्या आत झिजून जातो. जुन्या, कमी पळणाऱ्या, जिवापाड सांभाळलेल्या गाडीला ती चालत नाही. तिथे टायर झिजण्याआधी वयानं जातो, आणि गेला तरी दिसायला तसाच राहतो. हे मी गिऱ्हाइकांना कायम सांगतो. पण मध्यंतरी आलेल्या एका गाडीनं ते जेवढं लख्ख दाखवलं, तेवढं माझ्या तोंडून कुणाला पटलं नसतं.

गाडी म्हणजे मोटरसायकल, सत्तरच्या दशकातली, दोन सिलिंडरची, स्पोकच्या चाकांची. सोबत वडील आणि मुलगी. वडिलांना गुडघ्यामुळे आता किक मारवत नाही, म्हणून गाडी मुलीकडे आलेली. तिची तक्रार अशी की गाडी वळणात जायला तयार होत नाही, जोर लावून घालावी लागते. आणि साठ-सत्तरच्या पुढे मागचं चाक लहरायला लागतं. आधी दुसरीकडे दाखवून झालं होतं. तिथे हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, बदलला, मागची बेअरिंग बदलली, फरक काही पडला नाही.

"दादा, मागे आता चांगला रुंद रेडियल टाका," ती म्हणाली. "मैत्रिणीच्या गाडीला आहे तसा. म्हणजे ग्रिप येईल."

"आणि पुढचा आहे तोच राहू द्या," वडील म्हणाले. "त्याला काही झालेलं नाही. मी तो जपलाय."

जपला होता हे खरंच. पुढचा टायर जुन्या पद्धतीचा रिब टायर, गोलाकार सरळ खाचांचा, ३.२५-१९ मापाचा. खाचा जवळजवळ पूर्ण खोल, वर पॉलिशची चकाकी. लांबून कुणालाही नवाच वाटला असता.

मी आधी मागे गेलो, कारण तक्रार तिथली होती. मागे १३० मापाचा टायर होता. मूळ माप ४.०० -१८, म्हणजे साधारण चार इंच, शंभर मिलिमीटरच्या आसपास. कुणीतरी कधीतरी तीस मिलिमीटर वाढवले होते. टायरच्या डाव्या भिंतीवर एक चकचकीत पट्टा होता. तिथे टायर चेन कव्हरला घासत होता. आणि झीज फक्त मधोमध, दोन बोटं रुंदीची. कडेच्या रबराला रस्ता कधी लागलेलाच नव्हता.

अशी झीज दिसली की माझा हात टायरऐवजी रिमकडे जातो. चाक उतरवलं, टायर काढला, व्हर्नियर लावला. रिमची रुंदी मोजायची ती आतल्या बाजूनं, जिथे टायरचा बीड, म्हणजे रिमला धरणारी जाड कड, टेकतो त्या दोन कडांमध्ये. बाहेरून मोजली तर आकडा फुगतो. २.१५ इंच भरली. रिमवर ठसाही होता, डब्ल्यूएम-३. जुन्या रिमांवर ही खूण असते : डब्ल्यूएम-१ म्हणजे १.६०, २ म्हणजे १.८५, ३ म्हणजे २.१५. अडीच इंचांहून अरुंद रिमवर १३० चा टायर बसवूच नये. बसवला तर दोन्ही बीड एकमेकांजवळ ओढले जातात, भिंती आत दाबल्या जातात आणि टायरचा माथा टोकदार होतो. सरळ जाताना गाडी त्या टोकावर चालते, आणि वळताना त्या टोकावरून उतरायला नाखूश असते. मुलगी ज्याला जोर लावणं म्हणत होती ते हेच. कोनसेट आणि बेअरिंग बिचारी उगीच बदलली गेली.

"म्हणजे रुंद टायरनं ग्रिप वाढत नाही?" तिनं विचारलं.

रिम रुंद असेल तर वाढू शकते, मी म्हटलं. पण टायरची रुंदी ठरवते रिम, आणि रिमची रुंदी ठरवली ती गाडी घडवणाऱ्यानं. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यातली जागा आणि चेन जाते ती रेघ बघून. कॅटलॉगमधून मोठा आकडा निवडला म्हणून गाडीचं अंग मोठं होत नाही.

रेडियलचंही तेच. रेडियल टायरमधले धागे एका बीडपासून दुसऱ्या बीडपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली वेगळा पट्टा असतो, त्यामुळे भिंत लवचीक आणि माथा घट्ट. जुन्या बांधणीच्या टायरमध्ये, ज्याला बायस म्हणतात, धाग्यांचे थर तिरके, एकमेकांवर फुलीसारखे असतात आणि भिंतच ताठ असते. या गाडीची फ्रेम, शॉक, अरुंद रिम सगळं त्या ताठ भिंतीच्या हिशेबानं जमवलेलं. एका चाकाला बायस आणि दुसऱ्याला रेडियल ही जोडी तर कंपनीनं स्वतः सांगितल्याशिवाय मी कुणालाच लावून देत नाही. दोन चाकं दोन तऱ्हेनं वागली की मध्ये बसलेल्याचे हाल होतात.

मग मी पुढच्या टायरजवळ बसलो. वडील माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी तारखेचे आकडे असतात. २००० सालापासून ते चार असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५११ म्हणजे २०११ सालचा पस्तिसावा आठवडा. ही खूण बऱ्याचदा एकाच भिंतीवर असते, आणि नेमकी आतल्या बाजूला गेलेली असते. मी बॅटरी मारून शोधली, पॉलिशचा थर चिंधीनं पुसला. आकडे तीनच होते. ४१७, आणि त्यापुढे एक बारीक त्रिकोण. तीन आकडे म्हणजे २००० च्या आधीचा टायर, आणि तो त्रिकोण नव्वदच्या दशकाची खूण. १९९७ सालचा एक्केचाळिसावा आठवडा.

"मी अठ्ठ्याण्णवची," मुलगी म्हणाली.

वडील गप्प झाले. मग म्हणाले, "पण बघा ना, एक भेग नाही."

वरून नव्हती, हे त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्यासमोरच टायर उतरवला. एरवी टॉमी, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, लावली की भिंत वाकते. हा वाकायलाच तयार नव्हता, साबणाचं पाणी घालूनही करकर आवाज करत राहिला. ट्यूब आतून चिकटलेली, सोलून काढावी लागली. मग टायर हातात घेऊन नक्षी बाहेरच्या बाजूला येईल असा दुमडला, आणि प्रत्येक खाचेच्या तळाशी भेगांची बारीक रांग उघडली. काही ठिकाणी आतले धागे दिसत होते. नख दाबलं, खूण उमटली नाही. रबराचा कडकपणा मोजायचं छोटं मीटर माझ्याकडे आहे. नव्या टायरवर काटा साठच्या आसपास थांबतो. इथे तो पंच्याऐंशीवर गेला. जुन्या खोडरबरासारखं झालं होतं ते : आकार शाबूत, काम संपलेलं.

हे सांगताना मला वाईट वाटत होतं, कारण त्या माणसानं खरोखर मनापासून काळजी घेतली होती. पण रबराचं दुखणंच वेगळं आहे. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला रोज थोडं थोडं कडक करतात. त्यावर उपाय म्हणून टायर बनवतानाच रबरात मेण आणि काही रसायनं घालतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, तसं ते मेण पृष्ठभागावर येत राहतं आणि वर पातळ थर धरतं. गाडी झाकून उभी राहिली की हे थांबतं. वरून लावलेलं पॉलिश त्याची जागा घेत नाही. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदला. पुढच्या टायरला तर मी सवलत देतच नाही. मागचा सुटला तर सावरायला कधीकधी क्षणभर मिळतो. पुढचा सुटला की गाडी खालीच.

"पावसात दोनदा पुढून सरकली होती," मुलगी हळूच म्हणाली. "मला वाटलं मलाच चालवता येत नाही." तिनं हे वडिलांना आधी सांगितलेलं नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते लगेच म्हणाले, "दोन्ही बदला."

आता निवड. वडिलांना पुढे रिबच हवा होता, गाडीचं मूळ रूप म्हणून. जुन्या नक्षीचे आणि जुन्या इंची मापांचे टायर आजही नवे तयार होऊन मिळतात, तेव्हा मागणी अवाजवी नव्हती. प्रदर्शनात मिरवायची किंवा कधीतरी सकाळी फेरी मारायची गाडी असती तर मी तेच लावले असते. पण मी मुलीला विचारलं, कशी चालवणार? रोज, पावसातही, आईला मागे बसवून. मग माझं मत बदललं. सरळ खाचांचे रिब रस्त्यावरच्या लांब चरांमध्ये अडकल्यासारखे ओढले जातात. आजच्या बायस टायरमध्ये बांधणी जुनीच असली तरी रबराचं मिश्रण कितीतरी पुढे गेलंय. ओल्या रस्त्यावर फरक पहिल्या ब्रेकलाच कळतो. वडिलांनी जरा वेळ घेतला. रूप गेल्याचं दुःख मला कळतं, जुन्या गाडीत ते लहान नसतं. शेवटी ते म्हणाले, "चालवणारी ती आहे."

पुढची रिम १.८५ भरली, म्हणून तिथे ९०/९०-१९. मागे २.१५ वर ११०/९०-१८. यात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. जुन्या इंची मापांत उंची जवळजवळ रुंदीएवढीच असायची. ११० च्या नव्वद टक्के म्हणजे ९९, चार इंचाच्या अगदी जवळ. उंची राखली की गिअरिंग आणि गाडीचा कल दोन्ही जागच्या जागी राहतात. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच जोडीचे. भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, पुढे ५२, म्हणजे २०० किलो. मागे ६१, म्हणजे २५७. वेगाचं अक्षर एच, ताशी २१० किलोमीटरपर्यंतचं. या गाडीला भरपूर झालं. विकत घेताना तारखेचे आकडे मुलीनं स्वतः वाचले.

टायरवर ट्यूबलेस लिहिलं होतं, तरी ट्यूब घालावीच लागते. स्पोकच्या साध्या रिमला निपलच्या, म्हणजे स्पोक आवळणाऱ्या नटांच्या, भोकांतून हवा जाते, शिवाय बीड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा या जुन्या रिमांना नसतो. नव्या ट्यूबा, नव्या रिमपट्ट्या. आधी निपलची टोकं चाचपून घासून घेतली. बाणाची दिशा पाहिली, टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्वजवळ आणला. हवा भरली, सगळी सोडली, पुन्हा भरली, म्हणजे ट्यूबची घडी राहत नाही. बीडजवळची रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आली का ते चाक फिरवून बघितलं. व्हॉल्वची चकती रिमवर आवळली नाही, वर टोपीजवळ ठेवली. ट्यूब आत सरकायला लागली तर व्हॉल्व तिरका होऊन आधी सांगतो. वजनं लावून चाकं बॅलन्स केली, मागचं चाक दोरी धरून सरळ केलं. चेन कव्हर आणि टायरमध्ये आता बोट सहज जात होतं.

मुलीला बजावलं, पहिले दीडशे किलोमीटर जपून, एकदम आडवी करायची नाही; नव्या रबराचा वरचा गुळगुळीतपणा जायला वेळ लागतो. जुने दोन्ही टायर मी बीडपासून करवतीनं कापले. टाकून दिलेला, नक्षी शाबूत असलेला टायर कुणीतरी उचलून लावतो, हे मी पाहिलंय.

काही दिवसांनी ती तपासणीला आली. लहरणं थांबलं होतं, आणि वळणावर जास्त झुकते की काय म्हणून सुरुवातीला तिला भीती वाटली होती, इतकी गाडी सहज जात होती. झीज मधून कडेपर्यंत सारखी सुरू झालेली दिसली. एकटीसाठी मी पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय ठेवले होते. आई बसणार असेल त्या दिवशी मागे ३४ करायचे, तेही टायर गार असताना, एवढं रिमची मापं आणि टायरच्या तारखांसकट एका कार्डावर लिहून सीटखाली चिकटवून दिलं.