वैद्यसाहेबांचा दिवस

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात वर्षाचे दोन दिवस पक्के. एक जत्रा, आणि दुसरा १० ऑगस्ट, माजी सैनिक मंडळाचा वैद्यसाहेबांचा दिवस. जत्रेला झाडून सगळे मुंबईकर येतात. दहा ऑगस्टला येणारे मोजके, पण ते रजा टाकून, भर पावसात येतात.

जनरल अरुणकुमार वैद्य यांचा जन्म अलिबागचा. आमच्या गावाशी त्यांची ना सोयरीक, ना शेतीवाडी. तरी पेन्शनीत आलेली आमची सगळी मंडळी त्यांना 'आपले साहेब' म्हणत. १९८३ ते १९८६ ते लष्करप्रमुख होते. निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले आणि सहा महिने होतात न होतात तोच, १० ऑगस्ट १९८६ ला, भर रस्त्यात त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑपरेशन ब्लू स्टारच्या, म्हणजे सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईच्या वेळी ते प्रमुख होते, त्याचा हा सूड. दोन लढायांत शत्रूच्या तोंडावर उभा राहिलेला माणूस पुण्याच्या रस्त्यावर असा जावा, हे आमच्या म्हाताऱ्यांच्या शेवटपर्यंत पचनी पडलं नाही. दरवर्षीचा हा दिवस त्या दुःखातूनच सुरू झाला.

कार्यक्रम शाळेच्या लांब पडवीत व्हायचा. फोटोला हार, झेंडा, दोन मिनिटं स्तब्धता, मग वीरपत्नींना साडी-नारळ. साडेआठची वेळ म्हणजे सव्वाआठला सगळे जागेवर. ब्लेझरवर पदकं लावलेली, धोतरावर ब्लेझर घातलेलेही दोघं-तिघं असत, आणि तो वेष त्यांना शोभायचा. पुढची रांग तोफखान्यातल्या लोकांची. मान म्हणून नव्हे, त्यांना ऐकूच कमी यायचं. माझे थोरले चुलते, तात्या, त्यांतलेच. नाशिक रोडला ट्रेनिंग झालं, १९६५ ला पंजाबच्या आघाडीवर पंचवीस पाउंडर, म्हणजे पंचवीस पौंडांचा गोळा टाकणाऱ्या तोफेवर होते. उजवा कान तिथेच ठेवून आलो, असं सांगायचे.

वैद्यसाहेब रणगाड्यांचे. मग तोफखान्यातल्या माणसांना त्यांचं एवढं प्रेम का, हा प्रश्न मी लहानपणी विचारला होता. तात्यांनी उत्तर म्हणून असल उत्तर या गावाजवळची लढाई सांगितली, आणि पुढे दरवर्षी तीच सांगितली. सप्टेंबर १९६५, पंजाबातला खेमकरणचा भाग. समोर पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन, अमेरिकेने दिलेले पॅटन रणगाडे. आपल्याकडे लेफ्टनंट कर्नल वैद्यांच्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शर्मन रणगाडे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला माल. आपली फौज मागे सरली आणि घोड्याच्या नालेच्या आकारात दबा धरून बसली. शेतांत पाणी सोडलेलं, ऊस उभा. पॅटन त्या चिखलात रुतले, उसात आंधळे झाले, आणि तीन बाजूंनी त्यांना टिपलं. ८ ते १० सप्टेंबर. वैद्यांना महावीर चक्र मिळालं ते इथलं. "पण रणगाड्यामागची पायदळं कुणी पांगवली?" तात्या विचारायचे, आणि पुढची रांग एका सुरात उत्तर द्यायची, "तोफांनी!" कुणी पोरगं हवालदार अब्दुल हमीदला तोफखान्यात घालायचं, तेव्हा तात्या ठणकावून सांगायचे: हमीद ग्रेनेडियर्सचा, जीपवरची आर.सी.एल., म्हणजे रणगाडे फोडायची धक्का न देणारी गन ही पायदळाची. ज्याचं श्रेय त्याला.

१९७१ चं सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. पाकिस्तानातल्या शकरगढच्या भागात वैद्य ब्रिगेडियर होते. पुढे सुरुंग पेरलेला रुंद पट्टा. त्यातून काढलेल्या अरुंद वाटेने साहेब स्वतः पुढे निघाले, म्हणून मागचे रणगाडे निघाले. दुसरं महावीर चक्र. "साहेब पुढं असला की गोळा भरणाऱ्या हाताला दम लागत नाही," हे तात्यांचं वाक्य. मला वाटतं, आमच्या लोकांचं साहेबांवरचं प्रेम या एका गोष्टीत होतं.

भाषणं संपली की मुलं ज्याची वाट बघत तो भाग. शाळेचं लांब बाकडं अंगणात काढायचं, त्यावर आडवा जाड बांबू बांधायचा: ही तोफ. गोळ्याच्या जागी वाळू भरलेला डबा, काट्यावर वजन करून बरोबर ११ किलोंचा. सहा जण जागा घेत. एक नंबर तुकडीचा प्रमुख, हवालदार, त्याचा शब्द शेवटचा. दोन नंबर ब्रीच, म्हणजे तोफेचं मागचं तोंड उघडतो आणि गोळा आत ठासतो. तीन नंबर डावीकडे बसून नेम धरायच्या साईटला डोळा लावतो. चार नंबर गोळा भरतो. पाच आणि सहा दारूगोळा पुरवतात. खऱ्या तोफेखाली लोखंडी गोल चक्र असे, त्यामुळे ती हां हां म्हणता कुठल्याही दिशेला वळायची. ते दाखवायला दोघं म्हातारे बाकडं उचलून गर्रकन फिरवत. पंच्याहत्तरीची माणसं, एरवी जिना चढताना कठडा धरणारी. हुकूम सुटला की डबा या हातातून त्या हातात असा जायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. पायदळाला निशाण असतं, तोफखान्याचं निशाण म्हणजे त्याची तोफ. म्हणून त्या बाकड्यालाही कुणी पाय लावलेला त्यांना खपत नसे.

मग कांदाभजी, चहा, आणि पावसात अडकलेल्यांच्या गप्पा.

आता त्या सहांतले दोघंच उरलेत. तात्याही गेले. रिकाम्या जागांवर भरतीची तयारी करणारी पोरं उभी राहतात. गेल्या खेपेला दहावीतली एक मुलगी पुढे आली, मला तीन नंबर करा म्हणाली. पडवीत थोडी कुजबुज झाली. मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितलं, २०२३ पासून तोफखान्यात महिला अधिकारी आहेत, हिला कशाला अडवायचं? जुन्या एक नंबरने तिला बाकड्याच्या डावीकडे बसवलं, मान सरळ केली आणि म्हणाले, "डोळा साईटला, आणि बार उडताना तोंड उघडं ठेव पोरी, नाहीतर माझ्यासारखे कान जातील."