आमची वाटचाल : ह्यूस्टनमधला टू-स्टेपचा क्लास

लग्नानंतर ह्यूस्टनला आले ती एच-४, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर. राहायची परवानगी होती, कमवायची नव्हती. शेजारच्या आजी दर गुरुवारी संध्याकाळी बूट चढवून निघायच्या. एकदा म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." अशी मी पहिल्यांदा कंट्री डान्सच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं.

मधोमध रांगेत लाइन डान्स चाललेला आणि त्याच्याभोवती जोड्या फिरत होत्या, घड्याळाच्या उलट दिशेनं. जन्मभर देवळात प्रदक्षिणा घातलेले माझे पाय आपोआप दुसरीकडे वळले. आजींनी खांदे धरून मला सरळ केलं आणि सांगितलं, वेगानं जाणारे बाहेरून, सावकाश जाणारे आतून. नवख्याला कुणी हटकत नाही, त्याची जागा ठरलेली असते. ही शिस्त मला फार भावली. आजही पहिल्या तासाला मी आधी हीच शिकवते, पावलं नंतर.

टू-स्टेप म्हणजे हाच जोडीनं फिरत करायचा नाच. त्याची चाल अशी: जलद, जलद, सावकाश, सावकाश. जलद पावलाला एक मात्रा, सावकाशीला दोन, मिळून सहा. गाणं मात्र चार-चारच्या मोजणीत चालतं, त्यामुळे पावलांचा फेरा आणि गाण्याची ओळ दर वेळी एकत्र सुरू होत नाहीत. नवखा नेमका इथे अडखळतो. मला शाळेतल्या लेझीमनं तारलं. साताऱ्याला आमच्या बाई आधी हात मोकळे ठेवून नुसते आकडे म्हणायला लावायच्या. मीही तेच करते. दहा मिनिटं सगळे उभ्या जागी मोठ्यानं मोजतात, मगच जोडीदाराचा हात धरायचा.

बरीच वर्षं मंडळातल्या मैत्रिणींना हौसेनं शिकवलं. मे २०१५ मध्ये नियम बदलला आणि ग्रीन कार्डच्या रांगेतल्या आमच्यासारख्या काही कुटुंबांत जोडीदारालाही कामाचा परवाना मिळू लागला. माझं परवान्याचं कार्ड हातात आलं त्याच आठवड्यात आम्ही कंपनी नोंदवली. हिशेब आणि गाणी नवऱ्याकडे, शिकवणं माझ्याकडे.

पहिला हॉल तासावर घेतला होता. एका संध्याकाळी गेलो तर मालकानं न कळवता तो दुसऱ्याला दिलेला. वीस माणसं बाहेर ताटकळत होती. पार्किंगमध्येच तास घेतला, पण गिरकी एकही घेऊ दिली नाही. खरखरीत जमीन बूट धरून ठेवते. अंग वळतं, पाऊल वळत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. रबरी सोलच्या स्पोर्ट्स शूजनी लाकडावरही हेच होतं. म्हणून चामड्याच्या सोलचे जुने बूट मापाप्रमाणे क्लासच्या दाराशीच मांडून ठेवलेत. कुणाला नवे घ्यायची घाई करू देत नाही.

२०२० मध्ये क्लास बंद पडला. ऑनलाइन शिकवताना समोर तोंड केलं की लोकांचं डावं-उजवं उलटं व्हायचं, म्हणून वर्षभर मी कॅमेऱ्याकडे पाठ करून नाचले. जोडीचा नाच शक्य नव्हता. ३२ मोजण्यांचे लाइन डान्स तेवढे टिकले. एक फेरी झाली की पाव वळण, चार फेऱ्यांनी चारही भिंती. घरात एकट्या पडलेल्या माणसांना तेवढाही आधार होता.

हा नाच फक्त काउबॉयचा नाही. मध्य टेक्सासात स्थायिक झालेल्या जर्मन आणि चेक लोकांनी वॉल्ट्झ, पोल्का हे जोडीचे नाच इथे आणले, त्यांच्याच वस्त्यांमधून डान्स हॉल उभे राहिले. न्यू ब्रॉनफेल्सचा ग्रीन हॉल १८७८ पासून आहे. दरवर्षी विद्यार्थ्यांना तिथे नेतो. तिथली गुळगुळीत झालेली लाकडी जमीन पायाखाली आली की माझं निम्मं शिकवणं आपसूक होतं.

आमच्या सध्याच्या हॉलमध्ये काँक्रीटवर पातळ लाकूड चिकटवलंय. साठीच्या पुढच्या विद्यार्थ्यांचे गुडघे तासाभरात बोलायला लागतात. खाली पोकळी असलेली, किंचित दबणारी जमीन घालायची आहे. त्यासाठी दर महिन्याला पैसे बाजूला टाकतोय. आजींनी आत्ताच सांगून ठेवलंय, तिच्यावरची पहिली फेरी त्यांची, आतल्या बाजूनं.