राखीव गिअर

दुपारी सायकल उलटी ठेवून जुन्या टूथब्रशने मागच्या चाकाची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांची चळत, घासत बसलो होतो. मधल्या चकत्यांचे दात झिजून टोकदार झालेले, खाचांत काळं ग्रीस घट्ट बसलेलं. सगळ्यात आतली, सगळ्यात मोठी चकती मात्र लख्ख. तिच्यावर कोरलेला ३२ चा आकडासुद्धा शाबूत. ही सायकल डोंगरातली शर्यत करून आलीय, हे सांगून कुणाला पटणार नाही.

काय करणार, खोडच आहे. चढावर शेवटचा, त्या मोठ्या चकतीचा, सगळ्यात हलका गिअर टाकायचा नाही. मांड्या पेटल्यात, स्वतःचाच श्वास कानात ऐकू येतोय, बोट लिव्हरवर टेकलंय, तरी नाही. तो टाकला आणि वळणापलीकडे चढ आणखी उभा निघाला तर? पाकिटाच्या आतल्या कप्प्यात घडी करून ठेवलेल्या नोटेसारखा तो नुसता असावा लागतो. खोड माझ्या एकट्याची नाही. बाजूने कुणी पुढे निघाला की डोळा आपसूक त्याच्या मागच्या चाकाकडे जातो: याची शिल्लक आहे का अजून?

सपाटीवर असले हिशेब सुचत नाहीत. घोळक्यात पुढच्याच्या चाकाला चिकटून राहायचं. वारा तो अंगावर घेतो आणि आपल्याला वाटतं, यंदा दम वाढलाय. चढ लागला आणि वेग ताशी १० किलोमीटरवर आला की वारा उरत नाही, मग आडोसा तरी कशाचा? उरतं फक्त वजन. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, चढ ८ टक्के. नुसतं वर उचलायलाच पावणेदोनशे वॅट लागतात. मघाचा तो घोळका बघता बघता रस्ताभर पांगतो. वर कडेला उभे असलेले लोक ओरडतात, "झालं, झालं, हे शेवटचं वळण!" इतकी भली माणसं इतकं बिनदिक्कत खोटं एरवी कुठे बोलत नसतील.

बाबांच्या सायकलला गिअरच नव्हते. मी दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल मारायला शिकलो ती हीच, उंच, काळी. मला कॅरिअरवर घेऊन निघाले की चढाच्या पायथ्याशी, अजून वेग असतानाच, ते उतरत. मीही उडी मारायचो. एक हात हँडलवर, दुसरा सीटवर, गप्पा मारत निवांत ढकलत न्यायचे.

"बाबा, दमलात?"

"छे, ती दमते."

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत पिरेनीज पर्वतातले मोठे घाट पहिल्यांदा आले १९१० साली. तेव्हा ऑक्ताव्ह लापीझ या पठ्ठ्याने आयोजकांना चक्क खुनी म्हटलं, इथपर्यंत तो अगदी आपला माणूस. पण मग ती टूर जिंकलाही तोच. असं करू नये. गिअर बदलणारी यंत्रणा तर टूरमध्ये १९३७ पर्यंत चालतच नव्हती. त्याआधी मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी चकत्या असायच्या. पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं फिरवून बसवायचं, की चढाचा गिअर तयार. म्हणजे जो काय निर्णय तो खालीच. राखून ठेवायची भानगडच नाही. हेवा वाटतो.

या खेपेला माझ्या शर्यतीत मागे पडलेल्यांना गोळा करत येणारी गाडी ऐकू यायला लागली होती. तिने पहिला गिअर टाकलेला, आवाजावरून कळत होतं. तिला कसली लाज! तेवढ्यात एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पायथ्यापासूनच हलका गिअर टाकून भराभरा पाय फिरवत शेजारी आले. माझ्या चाकाकडे एकदा बघितलं.

"टाका की तो. कुणासाठी ठेवलाय?"

उत्तर द्यायला श्वास नव्हता, आणि असता तरी उत्तर नव्हतं. तोवर ते वळणाआड गेलेही. मी वर पोचलो तेव्हा पाय लटलटत होते आणि गिअर शिल्लक होता. निकालात शिल्लक गिअरचा रकाना नसतो. असायला हरकत नाही, निदान शेवटच्या पानावर तरी.